बंद कौलकारखान्यातली मारामारी : बेळगाव भागातील एका विद्यार्थी ॲक्शन लघुपटाचा प्रकरण अभ्यास

बेळगाव शहर आणि खानापूर तालुक्यातील पाच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पाच हजार रुपये घालून, म्हणजे एकूण २५,००० रुपयांच्या भांडवलावर, नऊ मिनिटांचा एक ॲक्शन लघुपट केला. दिग्दर्शक, लेखक, छायाचित्रण करणारा, संकलन व ध्वनी सांभाळणारा आणि निर्मितीची सगळी व्यवस्था पाहणारी विद्यार्थिनी असा हा गट होता. मारामारीत दिसणारे तीन नट वेगळे होते. त्यांपैकी दोघे महाविद्यालयाच्या नाट्यस्पर्धांतून आलेले आणि तिसरा, म्हणजे नायक, शहापूरच्या एका तालमीत रोज घाम गाळणारा मल्ल. पटकथेचा पहिला खर्डा, अंदाजपत्रके, सरावाची मोबाइलवर घेतलेली चित्रणे आणि न वापरलेले टेक मला पाहायला मिळाले. त्यावरून माझे जे मत झाले ते आधीच सांगतो: तुटपुंज्या पैशात मारामारी चित्रित करताना कपात यंत्रसामग्रीत, ठिकाणांत आणि माणसांत करावी, सरावात करू नये. या गटाने सुरुवात नेमकी उलटी केली होती, आणि तिथून तो बाहेर कसा पडला हा या प्रकरणाचा मुख्य भाग आहे.

पहिला खर्डा आणि त्याची छाटणी

कथा साधी होती. वडिलांनी खासगी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापोटी त्यांचा ट्रॅक्टर ओढून नेला जातो. ऊसतोडणीच्या ऐन हंगामात ट्रॅक्टर हातचा गेल्याने घराचे गणित कोसळते, म्हणून मुलगा तो परत आणायला जातो. पहिल्या खर्ड्यात या कथेवर बरेच काही लादलेले होते. खडेबाजारातून गोवावेसमार्गे येळ्ळूरच्या राजहंसगडापर्यंत मोटारसायकलींचा पाठलाग, गडाच्या तटावर आठ गुंडांशी झुंज, वाटेत बैलगाड्यांच्या शर्यतीतून नायकाचे निसटणे, आणि आरंभी ड्रोनमधून दिसणारे शहर, असा सगळा थाट होता. अंदाजपत्रकात कॅमेरा, गिम्बल (चालता-फिरता कॅमेरा स्थिर ठेवणारे उपकरण) आणि ड्रोन यांच्या भाड्यालाच १४,००० रुपये दाखवले होते; मारामारीच्या सरावासमोर मात्र रक्कमही नव्हती आणि तारीखही नव्हती.

व्यवस्था पाहणाऱ्या विद्यार्थिनीने प्रत्येक दृश्यापुढे ‘परवानगी कोणाची’ असा एक रकाना आखला, आणि छाटणी तिथूनच सुरू झाली. सार्वजनिक रस्त्यावर लेखी संमतीशिवाय वाहनांची शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि संमती मिळाली असती तरी रस्त्याची दोन्ही टोके अडवायला लागणारी माणसे या गटाकडे नव्हती. चित्रपटात प्राणी वापरायचे तर भारतीय पशुकल्याण मंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, त्यामुळे बैल गेले. ड्रोनचा विचार तर शहराचा नकाशा समोर ठेवल्यावर आपोआपच मिटला: शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आणि छावणी आहे, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचे केंद्र आहे, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनी हवाई क्षेत्राची लाल, पिवळी आणि हिरवी अशी जी विभागणी केली आहे तीत अशा परिसरात विद्यार्थ्यांना सहज ड्रोन उडवता येईल अशी जागा उरत नाही. गडावरचे दृश्य गटाने स्वतःहून काढले. तटावरून ढकलण्याचा अभिनय कितीही खोटा असला तरी तिथून तोल गेला तर पडणे खरेच असते.

उरले ते एकच ठिकाण. खानापूरची माती कौलांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, परंतु सिमेंटचे पत्रे आणि स्लॅब आल्यावर कौलांची मागणी घटली आणि काही कारखाने बंद पडले. बेळगावपासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या अशाच एका बंद कारखान्याचे मालक लेखकाच्या मामांच्या ओळखीचे निघाले. उंच छप्पर, मोडक्या कौलांतून उतरणारे उन्हाचे कवडसे, विटांची जुनी भट्टी आणि चहूकडे तांबडी भुकटी. हे सगळे भाड्याविना मिळाले. मालकांनी अट एकच घातली, ती म्हणजे भट्टीच्या आत कोणी शिरू नये, आणि ती गटाने लेखी करारातच घालून घेतली. गुंड आठांवरून दोनांवर आले. माझ्या मते या चित्रपटाचे भले करणारा सर्वांत मोठा निर्णय हाच. आठ जणांच्या मारामारीत सहा जण आपली पाळी येईपर्यंत हात हलवत उभे असतात, आणि ते लपवायला जो कॅमेरा आणि जी माणसे लागतात ती विद्यार्थ्यांकडे नसतात.

जानेवारीच का

चित्रीकरणाचा महिना ठरवताना गटाने जो विचार केला तो या भागाबाहेरच्या माणसाला सुचला नसता. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात काही करणे अशक्यच. नोव्हेंबरची सुरुवात कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन यांच्या बंदोबस्तात जाते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि शहरातले भाड्याचे सगळे कॅमेरे लग्नांत अडकतात. डिसेंबरात बहुतेक वर्षी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. त्या काळात पोलिसांना सवड नसते आणि जमावबंदीचा आदेश निघाला तर दहा-बारा जणांनी हातात खोटी हत्यारे घेऊन एकत्र जमणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पौषात मराठी घरांत लग्ने होत नाहीत आणि त्याच सुमारास कन्नड घरांत धनुर्मास असतो, म्हणून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लग्नाचे चित्रण करणाऱ्यांचे कॅमेरे पडून असतात. एका स्टुडिओवाल्याने कॅमेरा, दोन लेन्स आणि ट्रायपॉड तीन दिवसांसाठी ६,००० रुपयांत दिले. लग्नसराईत त्याने त्या भावात ऐकूनही घेतले नसते. आकाश निरभ्र, ऊन तिरपे आणि उसाचा हंगाम चालू, हे फायदे वेगळेच.

पोलिस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला द्यायचे अर्ज वर्गातल्या एका कन्नड मैत्रिणीकडून कन्नडमध्ये लिहून घेतले. अर्जासोबत तारखा, वेळा, माणसांची संख्या आणि रबरी चाकूचे छायाचित्र जोडले होते. ओसाड कारखान्यातून किंकाळ्या ऐकू आल्या तर शेजारचा शेतकरी पोलिसांना बोलावणारच, म्हणून आसपासच्या चार-पाच घरी आदल्या दिवशी जाऊन सांगण्यात आले. त्यातल्या एका घरातून तिन्ही दिवस ताक आले, हे व्यवस्थेच्या वहीत आवर्जून नोंदवलेले आहे.

भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक होता. पहिल्या खर्ड्यात नायक फक्त मराठी आणि गुंड फक्त कन्नड बोलत होते. १९५६ पासून सीमाप्रश्न जिवंत असलेल्या या भागात असा चित्रपट कर्जाविषयीचा राहत नाही. प्रेक्षक पहिल्याच संवादाला बाजू निवडून मोकळा होतो आणि ट्रॅक्टर बाजूला पडतो. म्हणून नायक, सावकाराची माणसे आणि वडील या सर्वांच्या तोंडी प्रत्यक्षात बोलली जाते तशी सरमिसळ भाषा दिली गेली. ‘पैसं देतो म्हटलं की, खरं आत्ता कुठनं आणू?’ असे वडील म्हणतात, तर गुंडांपैकी एक जण आकडे कन्नडमध्ये मोजतो आणि शिव्या मराठीत देतो. कारखान्याच्या एका भिंतीवर जुनी रंगवलेली घोषणा होती. त्या भिंतीकडे कॅमेरा एकदाही वळलेला नाही.

किल्ली

मारामारी पटकथेत ‘दोघांत जोरदार झटापट होते’ अशा एका ओळीत लिहिलेली असली की चित्रीकरणाच्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या मनातली वेगळीच झटापट घेऊन येतो. लेखकाने त्यावर चांगला उपाय काढला. त्याने मारामारीला एक वस्तू दिली, ट्रॅक्टरची किल्ली. ती आरंभी पहिल्या गुंडाच्या शर्टाच्या डाव्या खिशात असते. पहिल्या टप्प्यात नायकाला भांडायचेच नसते, फक्त किल्ली काढून घ्यायची असते. दुसऱ्या टप्प्यात ती कौलांच्या ढिगात पडते, दुसरा गुंड नायकाला मागून आवळतो आणि पहिला ती शोधू लागतो. तिसऱ्या टप्प्यात नायक लढतो तो कुस्तीचे डाव वापरूनच. किल्ली आत्ता कोठे आहे आणि कोणाची सरशी आहे, या दोन प्रश्नांचे उत्तर प्रत्येक शॉटला देता आले पाहिजे असे ठरले, आणि ज्या शॉटला ते देता येईना तो कागदावरच खोडला गेला. असे खोडलेले शॉट बहुतेक दिसायला झोकदार होते.

मल्ल आणि कॅमेरा

नायक खरा मल्ल आहे, तेव्हा मारामारीची चिंता नाही, असे गटाला वाटत होते. सरावाच्या पहिल्या चित्रणाने तो समज पुसून टाकला. त्या चित्रणात दोन माणसे एकमेकांना लगटून उभी दिसतात, कोणाचा हात कोठे आहे ते कळत नाही, आणि मग अचानक एक जण जमिनीवर असतो. मातीत हे झाले असते तर आनंदवाडीच्या आखाड्यातल्या जाणकार प्रेक्षकाने दाद दिली असती; पडद्यावर ते गुंत्यासारखे दिसत होते.

कारण विचार करण्याजोगे आहे. कुस्तीत मल्ल आपला इरादा लपवतो. खडाखडीत, म्हणजे डाव लावण्याआधीच्या हातघाईत, तो हात पुढे करतो ते भलतेच काही करणार असल्याचे भासवायला, आणि दुखले तरी चेहऱ्यावर दाखवत नाही, कारण ते दिसले तर प्रतिस्पर्धी त्याच जागी पुन्हा येतो. कॅमेऱ्याला याच्या नेमके उलट हवे असते. आखाड्याभोवतीचा प्रेक्षक चारी बाजूंनी बसलेला असतो आणि त्याला डाव माहीत असतात. चित्रपटाच्या प्रेक्षकापुढे एकच चौकट असते आणि त्याला एकही डाव माहीत नसतो, त्यामुळे काय होणार आहे याची चाहूल त्याला घडण्याआधी क्षणभर मिळाली नाही तर घडलेले त्याला कळतच नाही. आयुष्यभराची सवय मोडायला नायकाला जितका वेळ लागला तितका नाटकातल्या पोरांना पडायला शिकायला लागला नाही.

तालमीच्या वस्तादांनी आणि छायाचित्रण करणाऱ्याने मिळून प्रत्येक डावाचे तीन भाग केले: चाहूल, पकड आणि परिणाम. एकेरी पट घ्यायचा तर नायकाची नजर आधी समोरच्याच्या पायाकडे जाते आणि ती नजर कॅमेऱ्याला दिसते. मग हात पायाला भिडतात. मग समोरचा पडतो आणि त्याचा चेहरा उघड्या बाजूला वळतो. वस्तादांनी तीनच डावांना परवानगी दिली: एकेरी पट, गादीवर घेण्याची ढाक, आणि खाली आल्यावरचा घिस्सा. धोबीपछाड दिग्दर्शकाला फार हवी होती. नवख्या माणसाला खांद्याच्या उंचीवरून पाठीवर आदळायचे म्हणजे मानेचा प्रश्न आहे, असे सांगून त्यांनी ती साफ नाकारली, आणि ट्रॅक्टरच्या गोष्टीत धोबीपछाड नसल्याने काही अडले नाही.

त्याआधी दोन्ही नाट्यकलावंतांना वस्तादांनी बरेच दिवस फक्त पडायला लावले. हनुवटी छातीला लावलेली, पडताना श्वास सोडलेला, आणि तळहात मागे टेकायचा नाही, कारण मागे टेकलेल्या हातावर सगळे वजन येते आणि मनगट जाते. त्याऐवजी पूर्ण हात जमिनीवर आपटायचा म्हणजे धक्का विभागला जातो. हे शिकवायला तांबड्या मातीइतकी चांगली जागा नाही. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली ती माती भाड्याच्या कोणत्याही गादीपेक्षा दयाळू असते.

बुक्क्या मोजून चार ठेवल्या. बुक्की न लागता लागल्यासारखी दिसण्याचे सगळे रहस्य कॅमेऱ्याच्या जागेत आहे. मारणारा आणि मार खाणारा एकाच रेषेत येतील असा कॅमेरा कोणाच्या तरी खांद्यामागे ठेवला की मूठ आणि गाल यांमधले वीतभर अंतर दिसत नाही. तोच कॅमेरा बाजूला काटकोनात नेला की अंतर उघडे पडते आणि मारामारी खोटी ठरते. लांबून ५० मिलिमीटरच्या लेन्सने घेतल्यास अंतर आणखी आकसते. बाकीचे काम मार खाणाऱ्याचे: मूठ ज्या दिशेने जाते त्याच दिशेने, आणि ती गालासमोर आली त्याच क्षणी, डोके वळले पाहिजे. आवळण्याच्या दृश्यात सगळे नियंत्रण आवळला जाणाऱ्याकडे ठेवले होते. मागच्याचे हात नुसते ठेवलेले असतात. नायक ती मनगटे स्वतः धरून आपल्याच अंगाला हिसके देतो, आणि पडद्यावर ते मागच्याचे बळ वाटते.

सराव चौथाई वेगाने सुरू झाला, मग निम्म्या वेगावर आला आणि पाऊण वेगावर कायमचा थांबला. चित्रीकरणही पाऊण वेगानेच झाले, आणि संकलनात मोजके शॉट ११० टक्क्यांपर्यंत वाढवले. त्यापुढे गेले की कपडे आणि केस कृत्रिम हलू लागतात. ‘थांब’ आणि ‘सोड’ हे शब्द संवादांतच असल्याने खरोखर थांबायचे असेल तेव्हा ‘हळद’ म्हणायचे ठरले होते.

सरावाच्या अखेरीस संपूर्ण मारामारी मोबाइलवर चित्रित करून त्याच रात्री जोडून पाहिली गेली. कागदावर ६२ शॉट होते. या कच्च्या जोडणीनंतर ३४ उरले. बाद झालेले बहुतेक शॉट वाईट नव्हते, त्यांना जोडणीत जागाच नव्हती. कॅमेरा भाड्याने घेण्याआधी हे कळणे म्हणजे जवळपास एक पूर्ण दिवस वाचणे, आणि एक दिवस म्हणजे भाडे, डिझेल आणि बारा माणसांचे जेवण.

कारखान्यात

चित्रीकरणाचे वेळापत्रक कथेच्या क्रमाने नव्हते, भिंतींच्या क्रमाने होते. मोडक्या छपरातून येणारे कवडसे दिवसभर सरकतात, त्यामुळे एकाच झटापटीचे दोन शॉट चार तासांच्या अंतराने घेतले तर नायकाच्या डोक्यावरचे ऊन मधेच नाहीसे होते. गटाने आधीच एक दिवस तिथे बसून कोणत्या वेळी कोणती बाजू उजळते याची नोंद केली होती. सकाळी एका भिंतीकडे पाहणारे सगळे शॉट, तिन्ही टप्प्यांचे. दुपारनंतर समोरच्या भिंतीकडे पाहणारे. सावलीतले चेहरे उजळायला थर्माकोलच्या पांढऱ्या शीटा पुरल्या. टप्पे असे उलटसुलट घ्यायचे म्हणून नायकासाठी एकसारखे तीन शर्ट घेतले होते, एक स्वच्छ, एक मळलेला आणि एक फाटलेला. गुंडांनाही तीच व्यवस्था होती. या शर्टांवर आणि रबरी चाकूसारख्या वस्तूंवर २,५०० रुपये गेले.

कॅमेऱ्याची मांडणी एकदा ठरवून बदलली नाही. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले तर दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही. त्यांतल्या शंभराव्या भागाने हालचाल कमी पुसट होते आणि उडणारी कौलांची भुकटी कणाकणाने दिसते. संथ प्रसंगात ते खटकते, मारामारीत शोभते. गिम्बल घेतलाच नाही. फटके ट्रायपॉडवरून लांबच्या लेन्सने आणि डाव हातात धरलेल्या कॅमेऱ्यातून जवळून, १८ मिलिमीटरवर घेतले.

जमिनीची तयारी रोज सकाळी तासभर चाले. फुटक्या कौलांचे तुकडे वेचणे, झाडणे, पाणी शिंपडून धूळ बसवणे, तालमीच्या गाद्या पसरून त्यांवर बारदाने आणि वर तीच तांबडी भुकटी. या भुकटीत फार वेळ श्वास घेणे बरे नाही, म्हणून टेक नसताना सगळे मास्क लावून असत. जानेवारीच्या गारठ्यात आखडलेल्या अंगाने डाव घ्यायचा नाही हा वस्तादांचा हुकूम होता. बैठका झाल्याशिवाय कॅमेरा चालू होत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, ढाकेचे टेक चालू असताना नायकाचा वेग नकळत वाढू लागला. न वापरलेल्या टेकमध्ये ते स्पष्ट दिसते: दिग्दर्शक खूश होत जातो आणि प्रत्येक टेक आधीच्यापेक्षा थोडा अधिक खरा होत जातो. शेवटच्या टेकला गुंड झालेल्या मुलाचा खांदा अवघडला आणि त्याने ‘हळद’ म्हटले. वस्तादांनी खांदा पाहिला, बर्फ लावला आणि त्या दिवसापुरते अंगाला अंग लागणारे सगळे काम बंद केले. दिग्दर्शकाला हे रुचले नव्हते, पण व्यवस्था पाहणाऱ्या विद्यार्थिनीच्या कागदावर अशा वेळेसाठी वेगळी यादी तयार होती. उरलेल्या उजेडात किल्लीचे, सरकणाऱ्या पायांचे, आवळलेल्या बोटांचे, धापा टाकणाऱ्या छातीचे आणि ढासळणाऱ्या कौलांचे जवळचे शॉट घेतले गेले. ढाक तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाऊण वेगाने झाली, आणि चित्रपटात तीच आहे. आदल्या दिवशीचे ‘अधिक खरे’ टेक जोडून पाहिल्यावर अधिक गोंधळलेले निघाले.

रक्तासाठी काकवीत खाण्याचा लाल रंग मिसळला होता. दाटपणा आणि काळपट झाक दोन्ही उत्तम, अडचण मुंग्यांची. मार खाऊन निपचित पडलेल्या गुंडाच्या एका लांब शॉटमध्ये त्याचा गाल सारखा उडतो, त्याचे कारण हेच.

संकलन आणि आवाज

पहिल्या जोडणीत मारामारी ३ मिनिटे ४० सेकंदांची होती आणि अंतिम चित्रपटात २ मिनिटे १० सेकंदांची आहे. या कपातीतून गटाने शोधलेले एक तत्त्व मला फार मोलाचे वाटते: फटका कापावा, डाव कापू नये. फटका खोटा असतो, म्हणून मूठ गालासमोर येण्याच्या दोन फ्रेम आधीच दुसऱ्या शॉटवर जायचे, आणि दुसऱ्या शॉटमध्ये तीच हालचाल दोन-तीन फ्रेम आधीपासून सुरू करायची. डोळ्याला ती पुनरावृत्ती दिसत नाही, उलट हालचाल अखंड वाटते. डाव मात्र खरा असतो. तो पकडीपासून जमिनीपर्यंत एकाच शॉटमध्ये राहिला तरच प्रेक्षकाचा विश्वास बसतो, आणि एका खऱ्या डावाच्या भांडवलावर पुढच्या चार खोट्या बुक्क्या खपून जातात.

कारखान्यातला मूळ आवाज बराचसा निरुपयोगी होता. मिरज–लोंढा लोहमार्ग जवळ असल्याने गाड्यांची धडधड मधून मधून येत राहिली, आणि मारामारीत लागलेल्या फटक्याचा आवाज तर मुळातच नव्हता, कारण फटका लागलाच नव्हता. सगळे आवाज नंतर एका खोलीत गोधड्या टांगून ध्वनिमुद्रित केले. ओल्या बारदानावर कोल्हापुरी चपलेचा फटका म्हणजे बुक्की. हाडाच्या आवाजासाठी ऊस मोडला. पेरावर मोडला तर आवाज कोरडा येतो, दोन पेरांच्या मध्ये मोडला तर ओला येतो, आणि दोन्ही मिसळून जो येतो तो अंगावर काटा आणतो. पार्श्वसंगीतासाठी चित्रपटातली गाणी उचलण्याचा मोह गटाने हक्कांच्या कारणाने टाळला आणि तालमीत येणाऱ्या एका हलगीवाल्याकडून, त्याची लेखी संमती व मानधन ठरवून, दोन तुकडे वाजवून घेतले. त्यांपैकी एकच वापरला, तोही मारामारी सुरू होण्याआधी. मारामारीत फक्त श्वास, माती आणि कौले ऐकू येतात.

पैशांचा हिशेब शेवटी असा झाला: जेवण-चहा ७,०००, कॅमेरा ६,०००, गाडीभाडे व डिझेल ३,०००, प्रत राखण्यासाठी हार्डडिस्क ३,०००, कपडे व वस्तू २,५००, बारदाने व प्रथमोपचार १,५००, आणि २,००० अडीअडचणीला. हलगीवाल्याचे मानधन याच अखेरच्या रकमेतून गेले. वस्तादांनी काही घेतले नाही. तालमीला एक नवी गादी घेऊन देण्याचे ठरले आहे, आणि ती रक्कम मी खर्चातच धरावी असे गटाला सुचवले. फुकट मिळालेली मदत हिशेबात न दाखवल्याने पुढचा विद्यार्थी फसतो.

पहिला खेळ

चित्रपटगृहात सार्वजनिक प्रदर्शन करायचे तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते सध्या नाही, म्हणून चित्रपट महोत्सवांकडे पाठवला जात आहे आणि पहिला खासगी खेळ तालमीत, पांढऱ्या चादरीवर झाला. हा प्रेक्षक निवडण्यात गटाने धाडस केले. मल्ल डाव पाहतात, बाकी काही त्यांना दिसत नाही.

पहिल्या टप्प्यातला एक शॉट अक्षाच्या चुकीच्या बाजूने घेतला गेला होता. दोन माणसांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा राहिला नाही तर डावीकडचा अचानक उजवीकडे दिसतो, आणि कोण कोणाकडे धावतो आहे ते कळेनासे होते. संकलन करणाऱ्याने तो शॉट आरशातल्यासारखा उलटा करून वेळ मारून नेली होती. महाविद्यालयातल्या मित्रांपैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. तालमीत तो शॉट आल्याबरोबर वस्तादांनी विचारले, ‘डाव्या पायाचा पट धरला होतास की रे, उजवा कसा झाला?’ मागून आणखी एकाने सांगितले की किल्लीचा खिसाही बाजू बदलून बसला आहे. ज्या किल्लीवर सगळी मारामारी उभी केली तिचीच जागा हलली असल्याने हरकत बिनतोड होती.

उपाय स्वस्तात झाला. अक्ष ओलांडलेले दोन शॉट थेट जोडण्याऐवजी मध्ये दिशा न दाखवणारा एक अगदी जवळचा शॉट घातला की प्रेक्षक नव्या बाजूने नव्याने पाहू लागतो. असा शॉट, घोट्याला भिडणाऱ्या हाताचा, कारखान्यात घेतलेल्या जवळच्या शॉटमध्ये नव्हता. पण आखाड्याची माती आणि कौलांची भुकटी यांचा रंग एवढा जुळता आहे की पुन्हा खानापूरला जाण्याची गरज पडली नाही. अडीअडचणीच्या रकमेतून जे उरले होते त्यात एका सकाळचे कॅमेऱ्याचे भाडे बसले, तालमीतच तो शॉट घेतला गेला, आणि उलटा केलेला शॉट पुन्हा सुलटा करून महोत्सवाकडे जाणाऱ्या प्रतीत बसवला गेला.